पाट्या वाचतो, मग शू का कळत नाही?

प्रश्न : माझा नातू साडेपाच वर्षांचा हाय. हैदराबादच्या डॉक्टरनं ऑटिझम सांगितला. बोलते कमी, पण रोडवरून जानाऱ्या गाड्यांच्या पाट्या सगळ्या वाचते. आदिलाबादची तेलुगू पाटी बी वाचते अन् पांढरकवड्याची मराठी बी. कोनं शिकवलं, कोनालेच माहीत नाही. पण संडासात पाय ठेवत नाही. दाराजवळ नेलं का अंग टाकून देते. शी चड्डीतच करते, कपाटामागं जाऊन. कधी कधी 'शू आली का, शू आली का' म्हनत घरभर फिरते. आमाले वाटते खेळून राह्यला, अन् मंग चड्डी ओली. सून रडते. आजी म्हनते, आमचे लेकरं वर्षाच्या आत शिकले होते. मले एकच इचारायचं हाय. ज्याले दोन भाषेच्या पाट्या वाचता येते, त्याले शू आली हे काऊन समजत नसन?
— एक आजोबा, जैनथ मंडल, जि. आदिलाबाद

उत्तर : आजोबा, पत्र आहे तसंच छापलं. त्यातला 'काऊन' काढून 'का' करायला हात धजावला नाही. या विषयावर येणाऱ्या पत्रांत 'काय करू' एवढंच असतं. तुम्ही कारण विचारलंत, म्हणून उत्तरही जरा लांबणार आहे.

पाटी बाहेर असते. बस धावते, पण पाटीवरची अक्षरं जागची हलत नाहीत. काल जे लिहिलं होतं तेच आज, त्याच जागी, काचेच्या वर. ऑटिझम असलेल्या काही मुलांना अशा न बदलणाऱ्या गोष्टींची विलक्षण ओढ असते आणि त्यांतली काही नीट बोलायला लागण्याआधी वाचायला लागतात. कोणी शिकवलं नाही, हे तुमचं म्हणणं खरंच असणार.

शू मात्र आतून येते. साडेपाच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण २०० मिली लघवी मावते, म्हणजे पाण्याचा एक पेला. ते भरत आलं की त्याची भिंत ताणली जाते, त्या ताणाची खबर मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते. ही खबर मोठी गुळमुळीत असते. ओटीपोटात काहीतरी होतंय, एवढंच. त्याच वेळी चड्डीचं इलास्टिक काचत असतं, मिक्सर चालू असतो, पोटात भूक असते, बाहेर गाडीचा हॉर्न वाजलेला असतो. आपला मेंदू यातलं नेमकं उचलून बाकीचं बाजूला सारतो आणि आपल्याला कळतही नाही की त्याने हे काम केलं. ऑटिझममध्ये पुष्कळदा ही निवडच अवघड जाते. काही मुलांना आतलं काहीच ऐकू येत नाही, काहींना एकदम अखेरच्या क्षणी ऐकू येतं. अशा मुलाला शू 'आली' हे कळत नाही, 'झाली' हे कळतं. हल्लीच्या डायपरने तर ओलेपणाही शोषून घेतलेला असतो, म्हणजे 'झाली' हेही कळायची सोय राहिली नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. ते मी तीनदा वाचलं. 'शू आली का, शू आली का म्हनत घरभर फिरते.' आजोबा, तो खेळत नाहीये. तो तुम्हाला सांगतोय.

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं ही या मुलांची भाषा शिकण्याची एक रीतच आहे. आपण शब्द सुटे करून शिकतो, ही मुलं अख्खं वाक्य एका तुकड्यात उचलतात. ओटीपोटात तसं काहीतरी होतं तेव्हा तुमच्या घरात कोणीतरी नेहमी 'शू आली का?' असं विचारतं. म्हणजे त्याच्या लेखी त्या होण्याचं नावच 'शू आली का' आहे. त्यातला प्रश्न तुमच्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. तेव्हा पुढच्या वेळी तो हे म्हणत फिरायला लागला की उलट विचारू नका, हसू नका. हात धरा, 'शू आली' एवढंच म्हणा आणि ठरलेल्या जागी न्या. त्याला दुरुस्त करायचं नाही. तुमच्या तोंडी 'का' नसलेलं वाक्य शंभरदा आलं की त्याच्याही तोंडी येईल, कदाचित येणार नाही. नाही आलं तरी काम अडत नाही.

शब्दांचा आणखी एक घोळ तुमच्या भागात आहे. १९५६ साली राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, बाकीचा जिल्हा आंध्रात राहिला. रेघ कागदावर पडली, भाषा मात्र दोन्हीकडे सांडत राहिल्या. तुमचा नातू घरी 'शू' ऐकतो, अंगणवाडीत तेलुगू 'उच्च' ऐकतो, शेजारच्या घरात 'पेशाब' ऐकतो, आणि मोठी मुलं करंगळी दाखवून 'एकी' म्हणतात. बाकीच्या लेकरांना ही श्रीमंती आहे. याच्यापुढे मात्र एका गोष्टीची चार नावं आहेत आणि ती गोष्टच मुळात धूसर आहे.

यावर काही जण सांगतात की घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. मला हे पटत नाही. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं नुकसान होतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि आजीची भाषा काढून घेतली तर त्याच्याशी दिवसभर बोलणार कोण? भाषा राहू द्या चार, पण चित्र एक ठेवा. तुमच्याच घरच्या संडासाचा मोबाईलवर फोटो काढा, आदिलाबादला एखाद्या फोटोच्या दुकानात त्याच्या चार प्रती छापून घ्या. एक घरात, एक अंगणवाडीत, एक सुनेच्या पर्समध्ये, एक जादा. न्यायच्या आधी दर वेळी तो फोटो हातात द्यायचा. तोंडाने कोणी काहीही म्हणो.

आता संडासाकडे वळू. तुम्ही लिहिलं नाही, पण अंगणाच्या कोपऱ्यातला, स्वच्छ भारतच्या १२,००० रुपयांतून उभा राहिलेला असेल असं धरून चालते. एक करा. दुपारी आत जा, दार लावा, उकिडवे बसा आणि काहीही न करता पाच मिनिटं बसून राहा. पत्र्याचं दार वाऱ्याने खडखडतं. फिनाईलचा वास नाकात चढतो. ओल्या फरशीवर पाय गार पडतो, जरा सरकतो. भिंतीवर पाल. आणि बरोबर खाली एक काळं भोक, ज्यात पाणी ओतलं की ते गडगडत नाहीसं होतं. जे पाणी नाहीसं करतं ते मला करणार नाही, हे त्याला कोणी सांगितलं? त्याला शी करायची भीती वाटत नाही, आजोबा. त्या खोलीची वाटते.

म्हणून शिकवणीची सुरुवात शी-शूपासून करायची नाही. आत बल्ब लावा. फिनाईल थोडे दिवस बंद. दार उघडं राहू द्या. पहिला आठवडा फक्त दाराबाहेर उभं राहून मगभर पाणी आत ओतायचं. ओतलं की परत यायचं. बहुतेक मुलांना पाणी ओतायला आवडतं, आणि असं शेवटाकडचं पाऊल आधी शिकवायची पद्धत विशेष शिक्षणात जुनी आहे. आत जाणं, चड्डी काढणं, बसणं, करणं, धुणं, पाणी ओतणं, चड्डी घालणं, साबणाने हात धुणं, इतक्या पायऱ्या आहेत. मधल्या आपण करून द्यायच्या, शेवटची त्याची. ती जमली की तिच्या आधीची. त्यामुळे दर वेळी शेवट त्याच्या हातून होतो. चड्डी इलास्टिकची असावी. नाडी, हुक, चेन हे सगळं पुढच्या वर्षी बघू.

मग उंबऱ्याच्या आत एक पाऊल. मग भोकावर फळी टाकून पायठशांवर नुसतं उभं राहणं. ऑटिझम असलेली बरीच मुलं चवड्यांवर चालतात, त्यांची पोटरी आखडलेली असते आणि उकिडवं बसलं की ती मागे कलंडतात. तुमच्या नातवाची टाच जमिनीला टेकते का, तेवढं बघा. टेकत नसेल तर धरायला समोर एक दांडी ठोकून द्या, किंवा म्हाताऱ्या माणसांसाठी औषधाच्या दुकानात मिळते तसली भोकाची खुर्ची आणा. खुर्चीवर बसवलं तर पाय लटकते ठेवू नका, खाली पाट द्या. पाय टेकल्याशिवाय जोर लागत नाही, हे तुम्हीच करून बघा.

आणि ते कपाट. तो कपाटामागे जाऊन करतो याचं तुम्हाला वाईट वाटतं, मला मात्र वाचून हायसं वाटलं. म्हणजे शी येतेय हे त्याला आधी कळतं, तो तिथे पोचेपर्यंत रोखू शकतो आणि त्याला आडोसा हवा असतो. तीन मोठ्या गोष्टी त्याला आधीच येतात, फक्त जागा चुकली आहे. मग जागेला त्याच्याकडे नेऊ. ती खुर्ची किंवा साधं प्लास्टिकचं भांडं आधी कपाटामागेच ठेवा. पहिले काही दिवस चड्डी घालूनच त्यावर बसू दे, नंतर चड्डीशिवाय. एकदा तिथे जमलं की भांडं रोज हातभर सरकवायचं. कपाटाकडून दाराकडे, दारातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात. आडोशाला जुनी साडी बांधा. पंधरा दिवस लागतील, दोन महिनेही लागतील. पाहुणे हसतील. हसू द्या.

आजींचं म्हणणं खोटं नाही. आपल्याकडे बाळाला पायांवर धरून 'शूऽऽ' करण्याची चाल होतीच, अजून आहे. पण त्यात शिकलेलं कोण होतं? आठ महिन्यांचं बाळ नव्हे, आजी स्वतः. झोपून उठलं की, दूध पिऊन झालं की, तोंड असं केलं की धरायचं, हे त्यांना पाठ होतं. पुढे तेच पोर दोन वर्षांचं झालं की थोरल्या भावंडांमागे परसाकडे पळायचं आणि बघून बघून शिकायचं. तुमच्या नातवाचं इथेच अडतं. चार पोरं जे करतात ते आपणही करावं, अशी ओढ त्याला कमी आहे. त्यात सुनेचा काही दोष नाही. परदेशातही १९५०-६०च्या सुमाराला आई थंड स्वभावाची म्हणून मुलाला ऑटिझम होतो असं मोठमोठे डॉक्टर सांगत होते. ते पुढे साफ खोटं ठरलं, पण तोवर कितीतरी आयांनी रडून घेतलं.

आजींचं ते वेळ ओळखण्याचं कसब मात्र सोनं आहे, ते वाया घालवू नका. त्यांनाच कामाला लावा. वहीच्या पानावर सकाळपासून अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी आखा, चार दिवस दर वेळी चड्डीला हात लावून 'कोरडी', 'ओली', 'शी' एवढंच लिहा. डायपर असेल तर आत सुती फडकं घाला, म्हणजे कळेल आणि त्यालाही ओलं लागेल. चार दिवसांनी पान समोर धरा. काहीतरी आकार दिसतोच. समजा, उठल्यावर लगेच, मग दहाच्या सुमाराला, मग जेवणानंतर. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलू लागतं, म्हणून जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत बसवणं शीसाठी सगळ्यात फलदायी. बसवायचं पाच मिनिटं. झालं तर झालं, नाही तर उठायचं. तासभर बसवून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. त्यातून मूल फक्त बसायला घाबरायला शिकतं.

बक्षिसाबद्दल विचाराल तर, मी त्यात एकदा चांगलीच तोंडावर पडले आहे. सात वर्षांच्या एका मुलीला शू झाली की एक ग्लुकोजचं बिस्किट, असं मी ठरवलं. तिसऱ्या दिवशी ती तासाभरात नऊ वेळा गेली, दर वेळी चार थेंब. हिशेब माझा चुकला होता, तिचा नव्हता. तेव्हापासून मी बक्षीस शीसाठी राखून ठेवते आणि शूला नुसती टाळी.

'तीन दिवसांत शिकवा' म्हणणारे व्हिडिओ तुमच्या मुलाने पाठवले असतीलच. त्यांचं मूळ अमेरिकेत सापडतं. ॲझ्रिन आणि फॉक्स या दोघांनी १९७१ साली संस्थांत राहणाऱ्या मतिमंद प्रौढांसाठी झटपट पद्धत मांडली आणि १९७४ साली सामान्य मुलांसाठी एका दिवसाचं आश्वासन देणारं पुस्तक काढलं. भरपूर पाणी पाजायचं, वारंवार बसवायचं, कोरडं राहिलं की कौतुक, असा त्यांचा मार्ग. पण चूक झाली की दरडावणं आणि त्यालाच सगळं पुसायला लावणं हेही त्यात होतं. तो भाग आता सोडून दिला जातो. वेळापत्रक आणि कौतुक घ्या, घाई घेऊ नका. पाण्याचा मारा तर अजिबात नको, विशेषतः मुलाला फिट येत असतील तर.

आसपास विचारायला जागा आहेत. तेलंगणात समग्र शिक्षा अभियानाची 'भविता' केंद्रं चालतात, तिथे विशेष शिक्षक असतात. सिकंदराबादला मनोविकास नगरात केंद्र सरकारची १९८४ सालची संस्था आहे. जुनी मंडळी तिला एनआयएमएच म्हणतात, आता तिचं नाव एनआयईपीआयडी. हे असं कपडे, जेवण, संडास पायऱ्यापायऱ्यांनी शिकवणं हेच तिचं काम. हैदराबाद तुम्हाला तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशे. मराठीत बोलायचं असेल तर नागपूरचं केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र बरं पडेल.

प्रश्न : माझ्या मुलीला (वय ६, ऑटिझम) दिवसभर थोडं थोडं पातळ होतं, चड्डीला सारखे डाग. म्हणून ताक-भात आणि केळं चालू ठेवलंय. सासूबाई म्हणतात, पोट साफ नाही, विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावू. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?
— एक आई, आदिलाबाद

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं, आणि सासूबाईंचं निदान बहुधा बरोबर आहे. उपाय मात्र चुकतो आहे.

एकदा कडक शी होऊन दुखलं की मूल पुढच्या वेळी रोखून धरतं. पाय आवळून उभं राहतं, भिंतीला टेकतं, आणि आपल्याला वाटतं ते जोर करतंय. खरं तर ते आत ढकलत असतं. आत साचलेल्या गोळ्यातलं पाणी आतडं शोषून घेतं, तो आणखी कडक होतो, आतडं फुगतं, आणि फुगलेल्या आतड्याला 'आली'ची जाणीवच उरत नाही. मग वरचं पातळ त्या गोळ्याच्या कडेने झिरपत खाली येतं. तेच डाग. आई जुलाब समजून केळं देते आणि गोळा आणखी घट्ट होतो. ऑटिझममध्ये हे फार दिसतं, कारण खाणं चार-पाच पदार्थांवर अडकलेलं असतं. पांढरा भात, बिस्किटं, वर लिटरभर दूध.

देठ, साबणाची कांडी, घरचा एनिमा, एरंडेल यातलं काहीही आपल्या मनाने करू नका. ज्या जागेला हात लागला की ही मुलं किंचाळतात, तिथे जबरदस्ती झाली तर रोखून धरणं दुप्पट होतं. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना पोट तपासायला सांगा. साचलेलं आधी मोकळं करावं लागतं, त्यानंतर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड किंवा लॅक्ट्युलोज रोज, मात्रा डॉक्टर ठरवतील. आणि हे आठवड्याचं काम नाही, महिन्यांचं आहे. फुगलेलं आतडं मूळ मापावर यायला तेवढा वेळ लागतो. दोन दिवस छान झाली म्हणून औषध थांबवणारे पालक तिसऱ्या आठवड्यात परत पहिल्या पायरीवर असतात. पोट फुगून उलट्या, शीतून रक्त, वजन घटणं किंवा पायात अचानक अशक्तपणा असं काही दिसलं तर मात्र थांबू नका, तडक जा.

पोट मोकळं होईपर्यंत संडासाची शिकवणी बंद ठेवा. दुखत असताना कोणी काही शिकत नाही.

प्रश्न : 'टॉयलेट ट्रेनिंग झाल्यावर आणा,' असं शाळेने सांगितलं. त्यांना असं म्हणता येतं का?
— एक पालक, किनवट

उत्तर : नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ऑटिझम स्पष्टपणे धरलेला आहे. कलम १६ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची असते. हे लेखी अर्जात नम्रपणे लिहा आणि गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना सोबत न्या. वकील नेण्यापेक्षा ते जास्त कामी येतं.

पण कायदा हातात आला तरी मधल्या सुट्टीतली शाळेची मुतारी तीच राहते. तीस पोरांचा गलका, ओली फरशी, दाराला कडी नाही. मुलाला सुट्टीच्या दहा मिनिटं आधी सोडा, एवढंच मागा. घरचा फोटो शाळेतही हवा आणि शाळेच्या संडासाचा फोटो घरी. दप्तरात दोन चड्ड्या, एक पिशवी.

आणखी एक गोष्ट, जी शाळाही विचारत नाहीत आणि पालकही. तुमच्या मुलाला चड्डी काढायला मदत कोण करणार? नाव ठरवून घ्या, फार तर दोन माणसं. ज्या मुलाला घडलेलं सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत 'कोणीतरी नेईल' हे उत्तर चालणार नाही. दार लोटून घ्यायचं, चड्डी आतच काढायची आणि आतच घालायची, हेही पहिल्या दिवसापासून शिकवा. चार वर्षांचं मूल उघडं बाहेर पळत आलं तर आपण हसतो. चौदाव्या वर्षी तीच सवय मोडायला घेतली तर फार जड जाते.

प्रश्न : मुलाला उभं राहून शिकवावं की बसून?
— एक बाबा, उटनूर

उत्तर : बसून. शू करता करता शीही होऊन जाते आणि एकाच जागेची एकच सवय लागते. नेम धरणं नंतर शिकता येतं, काही जणांना तर लग्नानंतरही आलेलं नसतं.

प्रश्न : दिवसा आठ महिने कोरडा होता, आता परत चड्डीत. रात्रीचं तर कधी थांबलंच नाही. मुद्दाम करतो का?
— एक आई, इचोडा

उत्तर : मुद्दाम करण्यासाठी जेवढी आखणी लागते तेवढी त्याला जमली असती, तर तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतं.

शिकलेलं मूल मागे गेलं की आधी शरीर तपासायचं. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, जंत. खूप तहान, खूप लघवी आणि वजन घटणं एकत्र असेल तर त्याच दिवशी साखर तपासून घ्या. नवीन औषध सुरू झालंय का ते आठवा. चिडचिडीसाठी देतात त्या रिस्पेरिडोनने काही मुलांचा लघवीवरचा ताबा सैल होतो. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, गोळी आपण बंद करू नका. शरीरात काही सापडलं नाही तर मग घर बघा. संडासाचा रंग बदलला, मोटार बसवली, बाळ झालं, काकू गावी गेली. आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या बदलाने यांचा अख्खा क्रम मोडतो. क्रम परत लावायचा तो पहिल्या पायरीपासून, पण या वेळी पायऱ्या भराभर चढल्या जातात.

रात्रीचं वेगळं आहे. झोपेत लघवी कमी तयार होणं आणि भरल्यावर जाग येणं हे शरीर आपल्या गतीने शिकतं. ऑटिझम नसलेल्या सात वर्षांच्या शंभर मुलांतली पाच-दहाही अंथरूण ओलं करतात. मेणकापड घाला, झोपण्याआधी एकदा बसवा, आणि सकाळी चादर वाळत घालताना त्या विषयावर एक शब्दही बोलू नका.

प्रश्न : ता. क. पाट्यांचा हा नाद सोडवाव का? सारखा रोडकडं पळते.
— जैनथचेच आजोबा

उत्तर : रोडकडे पळणं थांबवा, फाटकाला कडी लावा. नाद मात्र सोडवू नका, आपल्याला त्याचीच गरज आहे.

एक फळी घ्या, गाडीच्या पाटीच्या मापाची. रंग गाडीच्या पाटीचाच. त्यावर ठळक अक्षरांत लिहा : 'ओसरी – संडास'. मधला थांबा म्हणून खाली बारीक अक्षरांत 'मार्गे नळ'. ही पाटी संडासाच्या दारावर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला ठोका. तशीच एक छोटी पुठ्ठ्याची पाटी करून हातात द्या, ती घेऊन तो निघेल. कंडक्टर तुम्ही. आत पोचल्यावर पाटी खुंटीला अडकवायची. परतीची पाटी आत, दाराच्या मागच्या बाजूला : 'संडास – ओसरी'. परतीची विसरू नका, नाही तर तो आतच बसून राहील.

अक्षरं मराठी काढायची की तेलुगू, हे तुम्ही ठरवू नका. दोन्ही पाट्या समोर धरा आणि तो आधी कोणती वाचतो ते बघा.